घामात चरबी नसते. व्यायामशाळेतले पंखे चालू ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की गोव्यात एक गैरसमज दरवर्षी जोर धरतो. भर उकाड्यात रेनकोट किंवा प्लास्टिकचे जॅकेट घालून मिरामारच्या किनाऱ्यावर धावणारे दिसतात. काही व्यायामशाळांत पंखे मुद्दाम बंद ठेवतात. पोटाला रबरी पट्टा नाहीतर स्वयंपाकघरातले प्लास्टिक गुंडाळून लोक सकाळी चालायला निघतात आणि परत आल्यावर आधी वजनकाट्यावर उभे राहतात. काटा पाऊण किलोने उतरलेला असतो. तेवढी चरबी झडली असे समजून माणूस खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी जाड जॅकेट घालतो. हा समज नुसता चुकीचा असता तर पत्राचा प्रपंच केला नसता. आपल्या दमट हवेत तो जिवावर बेतू शकतो. राज्यात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे इतके लोक असताना तर फारच. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले तर औषधांविषयीचा भाग तेवढा कापू नये, ही विनंती.

घामात सुमारे ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात मुख्यतः मीठ, शिवाय थोडे पोटॅशियम, युरिया आणि लॅक्टेट. चरबी त्यात नसते. अंगभर पसरलेल्या वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथींना पाणी मिळते ते रक्तातून. पोटावरच्या चरबीचा थर त्वचेच्या खाली असतो आणि त्या थरातून घर्मग्रंथीकडे जाणारी कोणतीही वाट नाही. त्यामुळे पोटाला पट्टा बांधून पोटावर घाम आणला तरी पोटाची चरबी कमी होत नाही. चेहऱ्यावर आणि पाठीवर जाणवणारा तेलकटपणा वेगळ्या तैलग्रंथींचा असतो, त्याचाही वजनाशी संबंध नाही.

मग चरबी जाते कुठे? चरबीच्या पेशींत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठवलेली असते. शरीराला इंधन कमी पडले, रक्तातले इन्सुलिन उतरले आणि अ‍ॅड्रेनॅलिन वाढले की पेशींतली विकरे तिचे तुकडे करतात. त्यातून निघालेली मेदाम्ले रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून स्नायूंपर्यंत पोहोचतात आणि तिथे प्राणवायूच्या मदतीने जळतात. जळून दोनच गोष्टी उरतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा हिशेब मांडला होता. १० किलो चरबी पूर्ण जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी मुख्यतः नाकातोंडावाटे बाहेर पडते. उरलेल्या पाण्यातले काही लघवीतून, काही श्वासातून आणि काही घामातून जाते हे खरे. पण ते पाणी चरबी जळून गेल्यानंतर तयार होते. घाम जास्त काढला म्हणून मागे जाऊन जास्त चरबी जळत नाही. चुलीत किती लाकूड जळले ते भांड्यावरच्या वाफेवरून कळत नाही, तसेच हे आहे.

म्हणून जोराजोराने श्वास सोडत बसावे, असाही अर्थ कोणी काढू नये. स्नायू काम करत नसताना श्वास वाढवला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका उतरतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते. चरबी तेवढीच राहते.

आता काट्याचा हिशेब आकड्यांत पाहू. ७० किलो वजनाचा माणूस ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने सपाट रस्त्यावर तासभर चालला तर साधारण २८० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या ७० तर नुसते बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याचा निव्वळ खर्च २१० किलोकॅलरी. शरीरातल्या एक किलो चरबीयुक्त ऊतीत सुमारे ७७०० किलोकॅलरी असतात. सगळा खर्च चरबीतूनच झाला असे धरले, जे कधीच पूर्णपणे होत नाही, तरी त्या तासात जास्तीत जास्त २७ ग्रॅम चरबी गेली. त्याच तासात मेच्या उकाड्यात ८०० ग्रॅम घाम सहज जातो. काटा ७० वरून ६९.२ वर येतो. उतरलेल्या ८०० ग्रॅमांपैकी चरबी पंचवीसेक ग्रॅम, बाकी जवळजवळ सगळे पाणी. ते दोन-तीन तांबे पाणी प्यायल्यावर परत येते आणि यायलाच हवे. साध्या घरगुती काट्याची अचूकता १०० ग्रॅम. म्हणजे एका दिवसात खरोखर गेलेली चरबी त्या काट्याला दिसूच शकत नाही. सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढून मिळणारे समाधान किंवा निराशा, दोन्हींचा चरबीशी संबंध नसतो.

दुसरा एक आकडा जाहिरातींत हमखास वापरला जातो. एक लिटर घामाने ५८० कॅलरी जळतात, असे सांगितले जाते. आकडा खरा आहे, अर्थ खोटा आहे. त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाफ होऊन उडाला की तो शरीरातली सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून एक लिटर पूर्ण उडाला तर ५८०. पण ही उष्णता आधीच तयार झालेली असते. स्नायूंच्या कामातून ती येते किंवा बाहेरच्या उन्हातून अंगात शिरते. घाम ती फक्त बाहेर टाकतो, तिच्यासाठी वेगळे इंधन जाळावे लागत नाही. घाम आलाच नसता तर त्या तासाभराच्या चालण्याने अंगाचे तापमान जवळजवळ पाच अंशांनी वाढले असते. घामाचे खरे काम ते थांबवणे हे आहे. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत काचा बंद करून बसले तरी घामाच्या धारा लागतात, आणि तिथे स्नायू काहीच करत नसतात. उलट कांपालच्या जलतरण तलावात मध्यम वेगाने तासभर पोहणारा ७० किलोचा माणूस ४०० च्या आसपास किलोकॅलरी खर्च करतो आणि बाहेर येताना घाम दिसत नाही.

घामाघूम होणे म्हणजे मेहनत जास्त झाली, हा निष्कर्षही टिकत नाही. घाम किती येईल हे शरीराच्या आकारावर, आनुवंशिकतेवर, कपड्यांवर आणि हवेवर ठरते. शिवाय सरावावर. दहा ते चौदा दिवस उष्ण हवेत नियमित व्यायाम केला की शरीर बदलते. घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून तंदुरुस्त खेळाडूला तेवढ्याच वेगात नवख्यापेक्षा अधिक घाम येतो. हॉलमध्ये कोणाचा टी-शर्ट जास्त भिजला यावरून कोणी किती काम केले हे सांगता येत नाही. गटात व्यायाम घेणाऱ्या प्रशिक्षकांनी तरी ही तुलना करू नये. कमी घाम येणारी मुलगी आळशी ठरते आणि वर्ग सोडते, हे नुकसान छोटे नाही.

गोव्याच्या हवेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुस्तकांतले बरेच सल्ले कोरड्या किंवा थंड प्रदेशांसाठी असतात. घाम अंगावरून गळला तर त्याने गारवा मिळत नाही. तो अंगावर असताना उडाला तरच मिळतो. तो किती वेगाने उडेल हे त्वचेजवळची वाफ आणि हवेतली वाफ यांच्यातल्या फरकावर ठरते. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता ही आपली मेमधली नेहमीची हवा. त्या हवेत ४० अंश आणि २० टक्क्यांच्या कोरड्या हवेपेक्षा अडीचपट वाफ असते. त्यामुळे पणजीत घाम जास्त गळतो आणि कमी उडतो. शरीराला गारवा मिळत नाही म्हणून ते आणखी घाम सोडते आणि तोही टपकून जातो. पाणी आणि मीठ जात राहते, अंग तापत राहते. यावर प्लास्टिकचे जॅकेट चढवले की आतली हवा शंभर टक्के दमट होते आणि उडणे जवळजवळ थांबते. जॅकेटमधून निथळणारे पाणी पाहून लोकांना वाटते की काम होते आहे. प्रत्यक्षात त्या वेळी शरीर थंड होण्याचा एकमेव मोठा मार्ग बंद झालेला असतो.

रक्तातले पाणी घटले की हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते. त्याच वेळी त्वचेकडे जास्त रक्त पाठवायचे असते आणि स्नायूंनाही ते हवे असते. परिणामी तेवढ्याच वेगासाठी नाडी जास्त पडते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी गेले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे १.४ किलो, की दमाची कामे चांगली होत नाहीत. माणूस वेग कमी करतो, लवकर थांबतो. पंखा चालू असता तर जो पन्नास मिनिटे चालला असता तो पंचवीस मिनिटांत बसतो. घाम वाढवण्याच्या नादात चरबी जाळणारे काम निम्म्यावर येते, हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा तोटा.

घामाने वजन उतरते ते कशाचे, हे विनेश फोगाटच्या बाबतीत साऱ्या देशाने पाहिले. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये तिन्ही कुस्त्या जिंकल्यानंतर संध्याकाळी तिचे वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा २.७ किलोने जास्त भरले. रात्रभर व्यायाम, सॉना (तापवलेल्या खोलीत बसणे), पाण्यावर बंधन, शेवटी केसही कापले. सकाळी काटा १०० ग्रॅमने जास्तच राहिला आणि ती अपात्र ठरली. एका रात्रीत उतरलेले ते अडीच किलोंहून अधिक वजन चरबीचे असते तर जवळजवळ २०,००० किलोकॅलरी खर्च व्हायला हव्या होत्या. एका रात्रीत ते कोणालाच शक्य नाही. ते पाणी होते, आणि ते गमावल्यावर तिला रुग्णालयात न्यावे लागले. तिच्यासोबत डॉक्टर आणि प्रशिक्षकांचा ताफा होता. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण असेच वजन उतरवताना मरण पावले. रबरी सूट, तापवलेली खोली, पाणी बंद आणि वर व्यायाम, असा प्रकार होता. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि सॉनावर बंदी घातली. आपल्याकडे शालेय कुस्ती, ज्यूडो, तायक्वांदो, बॉक्सिंग या स्पर्धांच्या आदल्या दिवशी वजनगटात बसवण्यासाठी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना जॅकेट घालून पळवणे आजही चालते. प्रशिक्षकांनी आणि पालकांनी हे ताबडतोब थांबवावे. मुलाला वरच्या गटात खेळवा.

उष्माघाताबद्दल एक गोष्ट पाठ करून ठेवावी. उन्हात नुसते राहिल्याने होणाऱ्या उष्माघातात त्वचा कोरडी पडते असे आपण शिकलो. व्यायाम करताना होणाऱ्या उष्माघातात मात्र त्वचा घामाने ओलीचिंब असू शकते. घाम येतोय म्हणजे धोका नाही, असे धरून लोक बसवून ठेवतात आणि वेळ जातो. खूण त्वचेत शोधू नये, डोक्यात शोधावी. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, तोल जाऊ लागला, चालता चालता कोसळला, तर आतले तापमान ४० अंशांपुढे गेले असे समजून १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत जॅकेट आणि पट्टा काढून टाकावा, सावलीत न्यावे आणि लगेच गार करायला घ्यावे. मोठ्या टबात किंवा टाकीत थंड पाण्यात मानेपर्यंत बसवता आले तर सर्वांत उत्तम, डोके कोणीतरी धरून ठेवावे. ते जमत नसेल तर बादल्यांनी गार पाणी ओतत राहावे, बगलेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवावा, पंखा लावावा. आपल्या दमट हवेत नुसते ओले फडके आणि पंखा पुरत नाही, पाणी भरपूर आणि सतत लागते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते.

आता औषधांविषयी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक गोव्यात आढळले, प्रौढांत २६.४ टक्के. म्हणजे सकाळी चालणाऱ्या दर चार जणांत एक मधुमेही असू शकतो. यांतल्या अनेकांना डॉक्टर वजन कमी करायला सांगतात आणि शेजारी पट्टा घ्यायला सांगतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीतून साखर आणि तिच्याबरोबर पाणी बाहेर काढतात. रक्तदाबाच्या क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, टॉर्सेमाइड या गोळ्याही मीठ-पाणी काढतात. त्यात जॅकेट घालून लिटरभर घाम काढला तर रक्तदाब एकदम उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधे घामच कमी करतात, त्या माणसाचे अंग इतरांपेक्षा लवकर तापते. ही औषधे बंद करायची नाहीत. घाम काढण्याचे खूळ बंद करायचे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांना साखर ७० च्या खाली उतरली की दरदरून थंड घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते. व्यायामाच्या वेळी हा घाम व्यायामाचाच समजला जातो. बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा राहतो. तीच एकमेव खूण असते आणि तिचेच कौतुक होते. अशा घामात थांबावे, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पाहावे, अजून कमी असेल तर पुन्हा साखर घ्यावी. छातीवर दडपण, जबडा किंवा हात दुखणे, मळमळ आणि त्यासोबत थंड घाम आला तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तिथे साखरपाणी करत बसू नये, थेट १०८.

पट्ट्यांविषयी थोडक्यात. निओप्रीनचा घट्ट पट्टा तासभर बांधला की त्वचा आणि तिच्याखालचे पाणी दाबले जाते, म्हणून टेप सेंटीमीटरभर कमी दाखवते. काही वेळाने माप पूर्ववत होते. आत ओल साचून घामोळे आणि गजकर्ण होते, पावसाळ्यात पट्टा वाळत नाही आणि गजकर्ण घरभर पसरू शकते. घट्ट पट्ट्याने पोट फुगवून श्वास घेता येत नाही, त्यामुळे व्यायामही कमी होतो.

खरे मोजायचे असेल तर वजन सकाळी उठल्यावर, शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, सारख्याच कपड्यांत घ्यावे. रोजचा आकडा वहीत लिहावा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहावी. रात्री खारे, पापड, लोणचे झाले असेल तर दुसऱ्या दिवशी काटा वर जातो, कारण सुमारे ९ ग्रॅम जादा मीठ एक लिटर पाणी धरून ठेवते. त्याने घाबरू नये. उलट, भात-पाव एकदम कमी केला की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झटक्यात उतरतात. तेही बरेचसे पाणीच, कारण स्नायू आणि यकृतातल्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. पंधरवड्यातून एकदा कंबर मोजावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. भारतीय पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही सावधगिरीची रेषा. काटा हलला नाही आणि कंबर दोन सेंटीमीटरने उतरली तर काम बरोबर चालले आहे.

चरबी उतरवण्यासाठी खर्चापेक्षा खाणे कमी हवे आणि ते आठवडेच्या आठवडे टिकायला हवे. रोज ५०० किलोकॅलरींची तूट राहिली तर सुरुवातीला एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात, पुढे वेग मंदावतो. आपल्या ताटात ही तूट शोधणे अवघड नाही. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमांत ३५० किलोकॅलरी असतात, खोबरेल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२०, ६० मिलिलिटर फेणीत १४० च्या आसपास. तासभर चालून आल्यावर गाड्यावर रस-ऑम्लेट आणि दोन पाव खाल्ले तर चालण्याच्या दुप्पट परत येते. हुमण (मासळीची आमटी) सोडा असे कोणी म्हणत नाही. वाटणातले खोबरे निम्मे करावे, भाताचा दुसरा डाव थांबवावा आणि मासळीचा तुकडा वाढवावा. बांगड्याच्या १०० ग्रॅमांत एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिने असतात आणि वजन उतरताना स्नायू राखायला ती हवीत. शाकाहारींनी अळसांदे (चवळी), मूग, दही यांवर भर द्यावा.

व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे, मध्यम वेगाने. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, प्रत्येकी दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, मधे एक-दीड मिनिट विश्रांती. वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची. पहाटे आर्द्रतेचा आकडा नव्वदच्या पुढे असतो म्हणून काहीजण बिचकतात, पण हवा थंड असल्याने तिच्यातली एकूण वाफ दुपारपेक्षा फार जास्त नसते आणि ऊन नसते. पहाटच बरी. कपडे सैल, पातळ, फिक्या रंगाचे. घरात किंवा हॉलमध्ये पंखा थेट अंगावर घ्यावा. घाम आल्यावर पंख्याखाली बसू नये हा जुना समजही सोडावा. पंख्याने घाम उडतो आणि अंग निवते.

पाणी किती प्यावे हे स्वतःच मोजता येते. व्यायामाआधी आणि नंतर अंग पुसून, कोरड्या कपड्यांत वजन घ्यावे. उतरलेल्या वजनात मधे प्यायलेले पाणी मिळवावे आणि लघवीला गेले असल्यास ते वजा करावे. आधी ७२, नंतर ७१.१, मधे ४०० मिलिलिटर प्यायले, तर घाम १.३ लिटर. तासाभराच्या व्यायामाला साधे पाणी आणि नंतरचे जेवण पुरते. दोन तासांपुढे, किंवा मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅनसारख्या शर्यतीच्या सरावात, मीठही भरून काढावे लागते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, किंवा औषधाच्या दुकानातले ओआरएस. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि पातळ ताक हीही उत्तम. आडसराच्या (शहाळ्याच्या) पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे फक्त त्यावर भागत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आडसर डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. व्यायामानंतरचे वजन आधीपेक्षा वाढेल इतके पाणी मात्र पिऊ नये. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांत हे विशेष दिसले.

शेवटी आपल्याकडे आणि व्यायामशाळा चालवणाऱ्यांकडे काही मागणे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचा उल्लेख आहे, आणि २०२२ पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. ‘घाम काढा, पोट घालवा’ अशा जाहिराती घेताना वृत्तपत्रांच्या जाहिरात विभागांनी हे दोन्ही समोर ठेवावे. पट्टा घेऊन फसलेल्या ग्राहकांना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवता येते. पंचायतींच्या सभागृहांत आणि व्यायामशाळांत जिथे वर्ग चालतात तिथे पंखे चालू आणि खिडक्या उघड्या असाव्यात, पिण्याचे पाणी हाताशी असावे, एक मोठा टब आणि फ्रीजमध्ये बर्फ असावा, आणि कोणाला कोणती गोळी चालू आहे याची नोंद प्रशिक्षकाच्या वहीत असावी. प्लास्टिकचे जॅकेट घालून आलेल्याला वर्गात घेण्याआधी ते काढायला लावावे.

आपले,
शरीरक्रियाशास्त्र आणि व्यायामशास्त्र शिकवणारे दोन शिक्षक,
फोंडा, गोवा
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)